बाळंतिणीचे अंग आणि न लिहिलेला इतिहास

आपल्या इतिहासात जन्माच्या नोंदी उदंड आहेत. कोण कोणत्या किल्ल्यावर जन्मला, कोणत्या तिथीला जन्मला, यावरून विद्वानांचे वाद झाले, समित्या बसल्या. पण ज्या बाईच्या अंगातून तो जन्म झाला तिचे त्या घटकेला काय झाले, हे विचारण्याची गरज इतिहासकाराला वाटली नाही. बाळंतपण ही निसर्गाची गोष्ट, इतिहासाची नव्हे, असे त्याने मनाशी ठरवून टाकले होते. जे जे निसर्गाचे म्हणून सांगितले जाते त्याच्याकडे आपण संशयाने पाहावयास शिकलो आहोत. जातही एके काळी निसर्गाचीच होती.

या लेखात मला एका मर्यादित प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. जिच्यावर पूर्वी कधीतरी लैंगिक अत्याचार झालेला आहे अशी बाई बाळंत होते, तेव्हा तो अत्याचार कोठे असतो? पोलिसांच्या कागदात असतो, की तो झालाच नव्हता असे गावाने ठरवलेले असते म्हणून कोठेच नसतो? माझे म्हणणे असे की तो तिच्या अंगात असतो, आणि बाळंतपणाच्या वेळी जागा होऊ शकतो. आणि ते कोणाच्या कानावर जाते, कोणाच्या कानावर जात नाही, याचा निर्णय आपल्या देशात फार मोठ्या प्रमाणात जातीने केलेला आहे.

प्रथम आजचे ज्ञान काय सांगते ते पाहू. १९७४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन शहरात अ‍ॅन बर्जेस या परिचारिकेने आणि लिंडा होल्मस्ट्रॉम या समाजशास्त्रज्ञ बाईने बलात्कारानंतर रुग्णालयात आलेल्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बलात्कार त्या रात्रीपुरता संपत नाही. झोप, भूक, भीती, स्पर्श यांवर त्याचा दीर्घकाळ ताबा राहतो, हे त्यांनी दाखवले. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने ‘पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’ हे नाव आपल्या अधिकृत यादीत घातले. व्हिएतनामहून परतलेले सैनिक आणि अत्याचार सोसलेल्या स्त्रिया यांचे दुखणे एकाच नावाखाली आले. पुढे बाळंतपणाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या स्त्रियांच्या लक्षात आले की काही बायका प्रसूतीच्या टेबलावर चमत्कारिक वागतात. पेनी सिमकिन आणि फिलिस क्लाउस या दोघींनी २००४ मध्ये याच विषयावर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. युरोपातील सहा देशांत २००८ ते २०१० या काळात सुमारे सात हजार गरोदर स्त्रियांची पाहणी झाली, तीतही पूर्वीचा अत्याचार आणि बाळंतपणाची तीव्र भीती यांचा संबंध आढळला.

हे कसे घडते ते समजण्यास अवघड नाही. बाईला उताणे निजवले जाते. कमरेखालचे कपडे काढले जातात. अनोळखी माणसे येतात, जातात. कोणी न विचारता आत हात घालते. हलू नकोस, ओरडू नकोस, सांगतो ते कर, असे तिला बजावले जाते. ज्या जागी पूर्वी दुखले होते त्याच जागी दुखते. हे सारे शब्द, हे सारे स्पर्श तिने एकदा अनुभवलेले असतात. मन म्हणते हा दवाखाना आहे. अंग म्हणते ही ती जागा आहे. मग कोणी बाई मांड्या घट्ट मिटून घेते, कोणी किंचाळते, कोणी अगदी गप्प होते. तिचे मन अंगातून निघून छताला जाऊन बसते. आणि गंमत अशी की या गप्प झालेल्या बाईलाच ‘शहाणी पेशंट’ म्हणतात. भीतीने शरीरात अ‍ॅड्रेनलिन वाढते, त्याने कळा मंदावू शकतात. मग बाई जोर लावत नाही म्हणून तिलाच बोलणी बसतात. अनेक जणी तर या तपासणीच्या धाकाने नऊ महिने दवाखान्याची पायरीच चढत नाहीत.

अत्याचार सोसलेल्या प्रत्येकीचे असेच होते असे मात्र नाही. अनेकींचे बाळंतपण सुखरूप होते. काहींना तर आपले अंग पुन्हा आपले झाले असे त्यातून वाटते. ते कशाने होते, हाच खरा प्रश्न आहे. त्यासाठी आपल्याच इतिहासाकडे वळले पाहिजे.

१८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. त्यामागची हकीकत जोतीरावांनी ४ डिसेंबर १८८४ च्या आपल्या निवेदनात दिली आहे. बेहरामजी मलबारींच्या टिपणांवर, म्हणजे बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य या प्रश्नांवर, त्यांनी ते लिहिले होते. त्यांचे मित्र गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्याने तिचा पिच्छा पुरवला. तिने आधी दाद दिली नाही. शेवटी ती फसली. दिवस गेल्यावर त्याच्याच सांगण्यावरून तिने औषधे घेतली, ती लागू पडली नाहीत. मुलगा झाला. शास्त्र्याने हात वर केले. तिने मूल मारून विहिरीत टाकले, पकडली गेली आणि जन्मठेपेला काळ्या पाण्यावर गेली. शास्त्र्याला कोणी काही विचारले नाही.

या हकीकतीत शास्त्री आहे, औषध आहे, विहीर आहे, कोर्ट आहे. काशीबाईचे बाळंतपण मात्र ‘मुलगा झाला’ एवढ्यावर आटोपते. दोष जोतीरावांचा नव्हे. त्या काळात एवढे लिहिणारा पुरुषही दुसरा नव्हता. पण वाचकांनी क्षणभर थांबून विचार करावा. गर्भ लपवलेली बाई कळा देताना ओरडू शकते काय? तोंडात पदराचा बोळा कोंबून, दार लावून, एकटीने, ज्याच्यामुळे हे झाले त्याची आठवण अंगावर घेऊन ती बाळंत होते. कायद्याला पुढे मेलेले मूल दिसले. त्याच्या आधीची ती रात्र दिसली नाही.

१८८१ मध्ये सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला बालहत्येसाठी फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीच्या नीतीचा पंचनामा चालवला, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून पुरुषांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. विधवांच्या या संबंधांत काही त्यांच्या मर्जीचेही असतील. पण जिला नाही म्हणण्याची सोय नाही तिच्या होकाराला होकार म्हणावे काय, हा प्रश्न ताराबाईंच्या पुस्तकातून आपल्यापुढे येतो, आणि तो अजून शिळा झालेला नाही.

फुले दांपत्याच्या त्या गृहाचे आपण कौतुक करतो ते मुले वाचवली म्हणून. नावातही बालहत्याच आहे. पण त्या घराची रीत नीट पाहिली तर आणखी एक गोष्ट दिसते. विधवांनो, येथे येऊन गुप्तपणे आणि सुरक्षितपणे बाळंत व्हा, मूल न्यावयाचे की ठेवावयाचे हे तुमच्या इच्छेवर आहे, अशा आशयाची पत्रके त्यांनी लावली होती. म्हणजे आलेल्या बाईची झडती घेतली जात नव्हती, तिची अब्रू झाकली जात होती, आणि निर्णय तिचा होता. आज परदेशी ग्रंथांत अत्याचारपीडित बाळंतिणीची काळजी कशी घ्यावी याचे जे नियम सांगितले आहेत, त्यांचा गाभा हाच आहे: झडती नको, आडोसा द्या, निर्णय तिला घेऊ द्या. एका माळी जोडप्याने स्वतःच्या जागेत हे १८६३ मध्ये केले होते.

तरीही त्या घराला दुःखाचा आकडा आहे. जोतीरावांच्या १८८४ च्या निवेदनाप्रमाणे तोपर्यंत तेथे ३५ विधवा बाळंत झाल्या, त्यांची ५ मुले जगली. ३० मुले गेली, कारण गर्भ लपवण्यासाठी बायांनी आधीच विषारी औषधे घेतलेली होती. मदत दारात उभी असताना बाई तिच्यापर्यंत उशिरा पोचते, कारण तिला आधी भीती ओलांडावी लागते. अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, १८७४ मध्ये जन्मलेला यशवंत, फुले दांपत्याने दत्तक घेतला. तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात त्याच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करतानाच सावित्रीबाई गेल्या.

विधवांच्या शेजारी बालवधूंनाही उभे केले पाहिजे. १८६० च्या दंडविधानात संमतीचे वय दहा वर्षे होते. कलकत्त्याच्या फुलमणी दासी या बालवधूच्या मृत्यूनंतर मोठा वाद होऊन ते १८९१ मध्ये बारा झाले, आणि तेवढ्यानेही धर्म बुडाला अशी ओरड लोकमान्यांनी केली. आनंदीबाई जोशी नवव्या वर्षी लग्न होऊन आल्या, चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या, दहा दिवसांत मूल गेले. १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या भाषणात त्यांनी हिंदुस्थानाला स्त्री-डॉक्टरांची किती गरज आहे हे सांगितले, आणि त्या अमेरिकेला गेल्या. आमच्या बायका पुरुष डॉक्टरपुढे लाजतात, असे त्या काळी सारेच म्हणत. पण दहा-बारा वर्षांच्या वयात जिच्या अंगाशी परका पुरुष रात्री भिडला, तिच्या त्या आखडण्याला केवळ ‘लाज’ म्हणणे पुरेसे आहे काय? २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालील पत्नीशी केलेला संभोग हा बलात्कार ठरवला. ही मोजपट्टी मागे नेली तर आपल्या पणज्या-खापरपणज्यांची कित्येक पहिली बाळंतपणे कशातून उद्भवली हे उघड होते. ज्याला आपण घराण्याचा वंशविस्तार म्हणतो त्याच्या मुळाशी हे आहे.

इथपर्यंतचा इतिहास बहुतांशी उच्चवर्णीय स्त्रीचा आहे. तो खरा आहे, आणि तिच्या दुःखाला कमी लेखण्याचे मला काही कारण नाही. पण आमच्या आज्या-पणज्या या काळात कोठे बाळंत होत होत्या?

याचे उत्तर एका मुलीने लिहून ठेवले आहे. मुक्ता साळवे ही फुल्यांच्या शाळेतील मांग विद्यार्थिनी. १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘ज्ञानोदया’त तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध दोन भागांत छापून आला. धर्म, पेशवाई, पोथ्या या सर्वांचा समाचार घेता घेता ती बाळंतपणापाशी येते. आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परसुद्धा नसते, थंडी-पाऊस-वारा अंगावर घेऊन त्या बाळंत होतात, दुखणे आले तर वैद्याला द्यावयास पैसा नसतो, असे ती सांगते. बालहत्या प्रतिबंधक गृहाच्या आठ वर्षे आधीचा हा मजकूर आहे. दलित स्त्रीच्या लेखणीतून उमटलेल्या पहिल्या शब्दांत बाळंतपण आहे, हे आमच्या समीक्षकांच्या ध्यानात यावे तितके आलेले नाही.

विधवेचा गर्भ लपवावा लागे, कारण तो उघड झाला तर कुळाची अब्रू जाई. दलित स्त्रीचा गर्भ लपवण्याची कोणालाच गरज वाटत नसे, कारण तिला अब्रू आहे हेच गावाला मान्य नव्हते. वेठबिगारीला गेलेली, पाटलाच्या शेतात खुरपायला गेलेली, गोठ्यात शेण काढायला गेलेली बाई ही गावाची वहिवाट होती. तिच्या बाबतीत अत्याचार या शब्दाचा उच्चारच होत नव्हता. कोर्ट नाही, वर्तमानपत्र नाही, भिंतीवर पत्रक नाही. पोटातल्या मुलाचा बाप कोण हे साऱ्या गावाला ठाऊक असे. कागदाला मात्र ठाऊक नसे. मुरळी-देवदासींचे तर बाळंतपण हेच पुढच्या पिढीच्या शोषणाची तरतूद ठरत असे. १९३६ मध्ये मुंबईच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी मुरळ्या, जोगतिणी आणि कामाठीपुऱ्यातील भगिनींपुढे भाषण केले आणि हे लाजिरवाणे जिणे सोडून या असे त्यांना बजावले, त्यामागे ही साखळी होती.

म्हणून मी म्हणते, आपल्या इतिहासात बाळंतपणाविषयी मौनाचे दोन प्रकार आहेत. एक झाकण्याचे मौन, दुसरे न मोजण्याचे मौन. पहिल्याला निदान सुधारक मिळाले. दुसऱ्याला कोणी मिळाले नाही.

मात्र या न मोजलेल्या जगात काही ज्ञान साठले होते, हेही सांगितले पाहिजे. माझी आजी मांगवाड्यातली सुईण होती. वाड्यावरची बाळंतपणे तीच करी. मागच्या दाराने आत जायचे, नाळ कापायची, वार पुरायची आणि मागच्याच दाराने बाहेर यायचे. ती निघाली की घरात गोमूत्र शिंपडत. ज्या हातात पोर प्रथम आले तो हात पुन्हा शिवून घ्यायचा नाही! मोबदला पायलीभर जोंधळे आणि एखादे विटके लुगडे. मी एम.ए.ला असताना तिला तिच्या कामाविषयी विचारत असे. ती म्हणाली होती, ‘‘काय काय बायांच्या अंगाला येकदम हात लावू न्हाई. हात लागला की लाकूड व्हत्यात. आदी बोलायचं, कंबर चोळायची, बघू का म्हनून इचारायचं, मंग बघायचं. वरडली तर वरडू द्यायचं.’’ लाकूड कशाने होतात, असे मी विचारले. ती म्हणाली, ‘‘कुनाच्या रानात काय झालंया, सुइनीला ठावं असतंय. पर ते बाईला इचारायचं नसतंय.’’

सुईणीचे मला उदात्तीकरण करावयाचे नाही. गंजक्या विळ्याने कापलेल्या नाळेतून धनुर्वात होऊन मेलेली मुले आमच्या वाड्यातही पुरली आहेत, रक्त जाऊन मेलेल्या बाया आम्ही जाळल्या आहेत. दवाखाना पाहिजेच. पण आजीला जे ठाऊक होते ते दवाखान्याला ठाऊक नसावे, आणि त्या ज्ञानाची धनी मांगीण होती म्हणून ते ज्ञानच नव्हे असे ठरावे, हा साधा योगायोग नाही.

आता एका खटल्याकडे वळू. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. सेशन्स कोर्टाने आरोपींना सोडले, नागपूरच्या उच्च न्यायालयाने शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा सोडले. अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही, असा तर्क लढवला गेला; आणि वैद्यकीय तपासणीत दोन बोटे सहज आत गेली, यावरून तिला संभोगाची सवय होती असे नोंदवले गेले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार यांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले, देशभर चळवळ उठली, १९८३ मध्ये कायदा बदलला. पण दोन बोटे चालूच राहिली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा मानली, आणि २०२२ मध्ये पुन्हा एकदा सांगून ही चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल असे बजावावे लागले.

बाळंतपणाच्या लेखात हा खटला कशासाठी, असे कोणी विचारील. पिशवीचे तोंड किती उघडले हे पाहण्यासाठी प्रसूतीच्या वेळी आतून तपासणी करतात, तीही दोन बोटांनीच. तिचा वैद्यकीय उपयोग आहे, तिच्यावर आई-मुलाचा जीव अवलंबून असू शकतो. मथुरेच्या तपासणीला असा कोणताही उपयोग नव्हता. हेतू वेगळे आहेत हे मला कळते. पण ज्या बाईच्या अंगावर आधी अत्याचार झाला, मग पुरावा म्हणून त्याच जागी परक्याची बोटे घातली गेली आणि त्या बोटांनी कोर्टात तिच्याच विरुद्ध साक्ष दिली, ती बाई चार-पाच वर्षांनी बाळंतपणाच्या टेबलावर येते, तेव्हा हेतूमधला फरक तिच्या अंगाला कोण समजावून सांगणार? ते समजावून सांगण्याला एक मिनिट लागते. ते एक मिनिट मिळत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रात ९४.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली. दोन पिढ्यांमागे आमच्या वस्तीतील बाई घराबाहेर बाळंत होत नसे. हा बदल मोठा आहे, त्याने जीव वाचले आहेत, त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. पण बाई दवाखान्यात आली ती तिचा इतिहास घेऊन आली, आणि दवाखान्यात त्याची जागा कोठेच नव्हती. माझ्या एका मावसबहिणीचे बाळंतपण एका तालुक्याच्या गावी झाले. लहानपणी तिच्या बाबतीत काय झाले होते, हे घरात फक्त तिला आणि तिच्या आईला माहीत होते. तपासणीच्या वेळी तिने पाय मिटून घेतले, तेव्हा तिच्या मांडीवर चापट बसली आणि वर ऐकवले गेले, ‘‘तेव्हा बरं उघडलं होतं? तेव्हा मजा आली ना?’’ हे वाक्य आपल्याकडच्या असंख्य बायांनी ऐकलेले आहे. खुर्चीवरच्या माणसाला त्यात विनोद वाटतो. पण जिच्या आयुष्यात ‘तेव्हा’ म्हणजे अत्याचार होता, तिला त्या वाक्याने सांगितले की तुझ्यावर झाले ती मजा होती. बहीण त्यानंतर दुसऱ्या खेपेस आठव्या महिन्यापर्यंत दवाखान्यात गेली नाही.

आणि हे वाक्य सर्वांना सारखे ऐकवले जात नाही. केसपेपरवरचे आडनाव, अंगावरचे पातळ, बोलण्याची धाटणी पाहून आवाज चढतो वा उतरतो. ‘‘तुमच्या लोकांना एवढी पोरं कशाला लागतात,’’ हे कोणाला म्हटले जाते ते आपण जाणतो.

जगाने या गोष्टीला आता नाव दिले आहे. प्रसूतीतील हिंसा हा शब्द व्हेनेझुएलाने २००७ मध्ये कायद्यात आणला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये दवाखान्यातील बाळंतपणाच्या वेळी होणारा अपमान आणि छळ थांबवावा असे निवेदन काढले, आणि २०१८ मध्ये नेहमीच्या बाळंतपणात आतली तपासणी चार-चार तासांच्या अंतराने करावी अशी शिफारस केली. भारत सरकारने २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीजवळ तिच्या माहितीच्या बाईला थांबू देण्यास मुभा दिली, २०१७ मध्ये ‘लक्ष्य’ योजनेत सन्मानाने वागवण्याची गोष्ट घातली. कागद चांगला आहे. आपल्या चळवळीने तो कागद हातात घेऊन दवाखान्याच्या दारात उभे राहण्याची गरज आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की ही सारी पाश्चात्त्य, पांढरपेशी नाजूक दुःखे आहेत. आमच्या कष्टकरी बाया बांधावर बाळंत होऊन पुन्हा कामाला लागतात. आमच्या बाईचे अंग जाड कातड्याचे आहे, तिला दुखत नाही, हे मालकाचे तत्त्वज्ञान आहे. ते आपल्या तोंडून यावे, याच्यासारखी शोकांतिका नाही. ती कामाला लागते कारण मजुरी बुडते. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या विधेयकाला पाठिंबा दिला आणि बाळंतिणीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, त्याचा भार इतरांनीही उचलला पाहिजे असे मांडले. १९२९ मध्ये तो कायदा झाला. कष्टकरी बाईचे अंग दुखते, आणि ते दुखणे सार्वजनिक प्रश्न आहे, हे तेव्हाच सांगून झाले आहे.

दुसरा आक्षेप: आधी रक्त द्या, डॉक्टर द्या, रस्ता द्या, मग मनाचे पाहू. रक्त, डॉक्टर आणि रस्ता यांची मागणी माझीही आहे. पण अपमानाच्या धाकाने जी बाई उशिरा येते, तिला रक्त देऊनही वेळ गेलेली असते. १८८४ च्या त्या ३० मुलांनी हेच सांगितले आहे.

अत्याचार झाला की आपण धावून जातो. सत्यशोधन समिती जाते, फिर्याद नोंदवून घेतली जाते, १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे लागतात, मोर्चा निघतो, नुकसानभरपाई मिळते किंवा मिळत नाही. मग आपला अहवाल संपतो. ती मुलगी मात्र पुढे जगत असते. तिचे लग्न होते, तिला दिवस जातात. त्या वेळी आपल्यापैकी कोणी तिच्या आसपास असते काय? चळवळीतील भगिनींनी, आशा म्हणून काम करणाऱ्या आपल्याच वस्तीतील बायांनी हे आपल्या कामाचा भाग मानले पाहिजे. तिला काय झाले होते ते दवाखान्यात सांगण्याची गरज नाही, आणि कोणी ते विचारूही नये. मागण्या साध्या आहेत आणि त्या प्रत्येक बाळंतिणीसाठी आहेत, म्हणजे कोणा एकीकडे बोट दाखवले जाणार नाही. हात लावण्यापूर्वी सांगावे आणि विचारावे. अंगावर चादर असावी. थांबा म्हटले की, जीवाला धोका नसेल तर, थांबावे. जवळ तिच्या विश्वासाची बाई असावी. उताणेच निजले पाहिजे असा हट्ट नसावा. ओरडल्याबद्दल शिवी नसावी. यातल्या एकाही गोष्टीला यंत्र लागत नाही.

आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे. आपल्या वस्तीतील म्हाताऱ्या सुइणी आता थोड्याच उरल्या आहेत. त्यांच्याकडे बसा. नाळ कशाने कापत होता, कोणत्या दाराने आत जात होता, बाई घाबरली तर काय करत होता, हे लिहून घ्या. बाईंची नावे लिहू नका, जखम उकरू नका. ज्याची परवानगी नाही ते वहीत उतरवू नका. दप्तरखान्यात हा इतिहास सापडणार नाही, कारण दप्तर लिहिणाऱ्यांना त्याची गरज नव्हती. मुक्ता साळवेने त्याची सुरुवात १८५५ मध्ये केली आहे, आणि पुढचे काम अजून पडून आहे.